सुरमई फ्राय, दाल फ्राय, हाफ फ्राय : किनाऱ्यावरच्या मेन्यूकार्डातल्या एका शब्दाचं परीक्षण

मालवण, तारकर्ली, देवबाग, नाहीतर वर हर्णै-दापोलीकडे, कुठेही मासे खायला बसा. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं मेन्यूकार्ड समोर येतं आणि त्यात एक इंग्रजी शब्द पंधरा-वीस वेळा तरी भेटतो : फ्राय. सुरमई फ्राय, पापलेट तवा फ्राय, बांगडा मसाला फ्राय, बोंबील रवा फ्राय, कोळंबी फ्राय, कलेजी फ्राय, भेंडी फ्राय, दाल फ्राय. सकाळी होमस्टेच्या पडवीत नाश्त्याला अंडा हाफ फ्राय. शब्द तोच, ताटात येणारी वस्तू दर वेळी निराळी. दाल फ्रायमधली डाळ कुणी तळलेली नसते आणि हाफ फ्रायमध्ये अर्धं अंडं येत नाही.

परीक्षण कुठल्या एका खानावळीचं नाही. ते कार्डावरच्या या फ्रायच्या रकान्याचं आहे : काय मागवावं, काय टाळावं, आणि ऑर्डर देण्याआधी नेमकं काय विचारावं. निकाल आधीच सांगून टाकू. मासा ताजा असेल तर तवा फ्राय. बोंबील आणि मांदेली रव्यातच. मसाला फ्राय चौकशी करून. आणि सुरमई डीप फ्राय कुणी फुकट दिली तरी नको.

गोंधळ सुरू होतो तो फ्रायच्या आधी लागणाऱ्या शब्दापासून. ‘तवा’ हे भांड्याचं नाव. ‘रवा’ हे वरच्या थराचं. ‘मसाला’ म्हणजे कधी माशाला चोळलेलं वाटण, तर कधी वरून ओतलेली ग्रेव्ही. ‘डीप’ तेलाची खोली सांगतं, ‘हाफ’ शिजण्याची पायरी, आणि ‘कोळीवाडा’ तर मुंबईतल्या सायनजवळच्या वस्तीचा पत्ता. सहा शब्द सहा वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि कार्डावर मात्र एकाखाली एक असे बसतात, की वाटावं एकाच गोष्टीच्या या सहा तऱ्हा आहेत. ‘रवा फ्राय की तवा फ्राय?’ असं वेटर विचारतो तेव्हा खरं तर प्रश्नच चुकतो, कारण रवा लावलेली तुकडीसुद्धा तव्यावरच तळतात. त्याला विचारायचं असतं, रवा लावू की नुसता मसाला? त्यात हाताने रंगवलेल्या फळ्यावर र आणि त सारखेच दिसतात, ते वेगळंच.

इंग्रजी व्याकरणाने पाहिलं तर ‘सुरमई फ्राय’ ही शब्दांची उलटापालट. इंग्लंडातला माणूस ‘फ्राईड’ आधी म्हणेल आणि मासा मागून. मराठीत पदार्थाचं नाव शेवटी येतं : कोळंबीचं कालवण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कांद्याची भजी. त्याच चालीवर फ्राय इथे क्रियापदाचं नाम झालं, पदार्थ झाला. फक्त स्वतःचं लिंग त्याने घेतलेलं नाही. सुरमई फ्राय आली, बांगडा फ्राय आला, पापलेट फ्राय आलं, बोंबील फ्राय आले. मासा ठरवेल तसं. जुन्या खानावळींच्या फळ्यावर ‘तळलेली तुकडी’ असं असायचं, काही ठिकाणी अजून असतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तेच बरं, कारण मासा तुकडीने मिळणार हे त्यात लिहिलेलं आहे. नुसतं ‘सुरमई फ्राय’ वाचून एक तुकडी येणार की दोन, याचा पत्ता लागत नाही.

शब्दाचं मूळही बघण्यासारखं. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘फ्रिगेरे’, आणि त्या लॅटिन क्रियापदात तळणं आणि भाजणं दोन्ही मावायचं. संस्कृत ‘भृज्ज्’ या धातूशी त्याचं नातं बरेच भाषाभ्यासक जोडतात. आपलं ‘भाजणं’ त्याच धातूतलं. तेव्हा चमचाभर तेलावर टाकलेल्या बांगड्याला घरातली म्हातारी माणसं ‘भाजलेलो बांगडो’ म्हणतात आणि कार्ड ‘तवा फ्राय’ म्हणतं, तर दोघं लांबचे नातेवाईक एकमेकांना ओळखत नाहीत इतकंच. मराठीत या कामांसाठी चार स्वतंत्र शब्द आहेत : भाजणं, तळणं, परतणं आणि फोडणी देणं. कार्डावरच्या फ्रायने चारही गिळलेत. म्हणून फ्रायचा रकाना वाचताना दर ओळीला मनात विचारायचं : यातलं कुठलं?

तवा फ्रायपासून सुरू करू, कारण खानावळीची परीक्षा तिथेच होते. रव्याचा अंगरखा नाही, ग्रेव्हीचं पांघरूण नाही. मासा जसा आहे तसा समोर येतो. चांगल्या तवा फ्रायची तुकडी एक ते दीड सेंटिमीटर जाड असावी. त्याहून पातळ कापली तर वरचा मसाला भाजेपर्यंत आतलं मांस कोरडं पडतं. दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर मधल्या काट्यालगत गुलाबी, कच्चं राहतं आणि ते शिजवायच्या नादात लसूण जळतो. अर्धा किलो तुकड्यांना एक लहान चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, एक मोठा चमचा आलं-लसणाचं वाटण आणि एक मोठा चमचा कोकमाचं आगळ, एवढं पुरतं. आधी मीठ, हळद आणि आगळ लावून दहा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मगच मसाला-वाटण चोळायचं. ही पायरी गाळली की मसाला त्या पाण्यात सुटून तव्यावर पसरतो, तिथेच करपतो आणि मासा फिका राहतो. गर्दीच्या दिवसांत गाळली जाणारी पायरी नेमकी हीच. उलट, सकाळी मसाला लावून संध्याकाळपर्यंत ठेवलेला मासाही बाद. आगळातल्या आंबटाने वरचं मांस आधीच पांढरं आणि पिठूळ होतं, तव्यावर त्याचा भुगा सुटतो.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. एका तुकडीला एक-दोन चमचे तेल. तवा नीट तापू द्यायचा, मासा टाकल्यावर आच मध्यम, आणि पहिली तीन-चार मिनिटं उलथणं लावायचंच नाही. कच्च्या माशातली प्रथिनं गरम लोखंडाला धरून बसतात. खालचा थर भाजून कोरडा झाला की तुकडी आपणहून सुटते. त्याआधी खरवडली तर कातडं तव्यावर आणि मांस ताटात, अशी वाटणी होते. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं. अख्ख्या बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरक्या चिरा, काट्याला टेकेपर्यंत, आणि प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं. चिरा वरवरच्या असतील तर पाठीच्या जाड भागात मीठ-तिखट पोचत नाही. खाताना पोटाकडचा घास चविष्ट आणि पाठीकडचा सपक लागला, तर दोष चिरेचा.

ताजेपणा ओळखायचा तो ताटातच. ताज्या सुरमईचं मांस ओलसर पाकळ्यांनी सुटतं आणि मधल्या काट्याला थोडं चिकटून राहतं. खडूसारखं कोरडं, चुरा होणारं मांस म्हणजे मासा बर्फात जास्त दिवस राहिला किंवा गोठवून पुन्हा सैल केला. बांगडा किंवा सुरमई खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली, तोंडाभोवती झिणझिणलं, तर तिखट समजून सोलकढी पिऊन पुढे खात बसू नका, ताट बाजूला सारा. असे मासे बराच वेळ उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं अपायकारक रसायन तयार होतं. ते कितीही तळलं तरी जात नाही, मग तवा असो की कढई.

आता रवा फ्राय. पर्यटकांची लाडकी, आणि स्वयंपाकघराचीही, कारण रव्याखाली बरंच काही झाकतं. म्हणून ती वाईट असं मात्र समजू नये. नीट केलेला थर पातळ असतो, तुकडीला धरून असतो आणि चावल्यावर खुसखुशीत फुटतो. त्यासाठी बारीक रवा तीन भाग आणि तांदळाचं पीठ एक भाग. नुसता रवा दाणेदार राहतो आणि गळतो, नुसतं पीठ गुळगुळीत पापुद्रा धरतं. दोन्ही मिळून एकमेकांच्या फटी बुजवतात. रवा लावायचा तो तव्याजवळ उभं राहून, टाकण्याच्या क्षणी. आधी लावून परातीत रचून ठेवलेल्या तुकड्यांचा रवा माशाचं पाणी पिऊन फुगतो, त्याचा सांजा होतो, आणि तळल्यावर काटा लावताच पूर्ण कवच टोपीसारखं उचललं जातं. ताटात रवा एकीकडे आणि मासा दुसरीकडे दिसला की समजावं, परात आधीच भरून ठेवली होती.

रवा फ्रायला तेल जास्त लागतं, हे मान्य करूनच ती मागवावी. तुकडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत तेल हवं, नाहीतर कडेचा रवा कच्चा पांढरा राहतो. तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस. खानावळीत थर्मामीटर कुणी लावत नाही, तिथे रव्याची चिमूट टाकून बघतात : लगेच बुडबुड्यांसह वर आली तर ठीक, तळाला जाऊन बसली तर तेल थंड, टाकताच काळी पडली तर जास्त गरम. थंड तेलात रवा तेल पितो. एका तव्यावर आठ-दहा तुकड्या दाटीने लावल्या की तेलाचं तापमान एकदम उतरतं आणि पुन्हा तोच प्रकार. रविवारी दुपारी दोनला आलेली तेलकट फ्राय आणि मंगळवारी त्याच स्वयंपाकघरातली कुरकुरीत फ्राय, यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो. हात तोच, तवा तोच, गर्दी वेगळी.

तुकडीवर काळे कडू ठिपके असतील तर ते मसाल्याचे नाहीत. आधीच्या घाण्यातला गळलेला रवा तेलात जळत राहतो आणि पुढच्या माशाला चिकटतो. तेल गाळलेलं नाही, एवढा त्याचा अर्थ. वारंवार वापरलेल्या तेलासाठी नियमही आहे : अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८पासून तळणीच्या तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांची (म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब होताना त्यात वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली, त्यापुढचं तेल फेकायचं. गिऱ्हाइकाला ते मोजता येणार नाही, पण तेल दाट, गडद, फेसाळ आणि कमी आचेवरच धुराळणारं असेल तर नाकाला कळतं. उघड्या स्वयंपाकघराची खानावळ निवडण्याचं हे एक कारण.

बोंबलाचं प्रकरण स्वतंत्र आहे. या माशात काट्यापेक्षा आणि मांसापेक्षा पाणीच जास्त. (इंग्रजांनी त्याला ‘बॉम्बे डक’ का म्हटलं यावर वाद घालायला जागा आहे, बदकाला मात्र नाही.) ओला बोंबील तसाच तेलात टाकला तर पाण्याची वाफ होऊन आतून रव्याला ढकलते, कवच फाटतं आणि मासा विरघळल्यासारखा पसरतो. म्हणून डोकं, पर आणि शेपूट काढायचं, पोट साफ करून मधोमध उभा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मीठ लावायचं, दोन फडक्यांच्या मध्ये ठेवून वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. अर्धा तास. फडकं ओलं चिंब झालं पाहिजे. मग मसाला, मग रवा, मग प्रत्येक बाजूला तीन मिनिटं, आणि एकदाच उलटायचा. बोंबील फ्रायचा नमुना दोन बोटांत धरून उचलून बघा. सपाट आणि ताठ राहिला, आणि चावल्यावर आत जवळजवळ साय लागली, तर त्या खानावळीत उरलेलं कार्ड डोळे मिटून मागवावं. वाकला, गोल राहिला, तर दाबलेला नाही. ऑर्डर दिल्यावर ‘बोंबलाक वेळ लागतलो’ असं कुणी सांगितलं तर ते शुभचिन्ह.

मांदेलीही रव्यात किंवा नुसत्या तांदळाच्या पिठात. ही लहान असल्यामुळे काट्यासकट कुरकुरीत होते, आणि पूर्ण बुडेल इतक्या तेलात तळली तरी बिघडत नाही. इथे ‘डीप’ शोभतो. कोळंबी कोळीवाडा हाही त्याच वर्गातला : बेसनाचं मसालेदार पीठ, बुडवून काढलेली कोळंबी, भज्याची सख्खी बहीण. कोळंबी गरम तेलात दोन-तीन मिनिटांच्या वर गेली की रबर होते. लालभडक रंग दिसला तर तो मिरचीचा की डबीतला, हे बोटाला लागलेल्या डागावरून कळतं. धुऊनही न जाणारा डाग मिरचीचा नसतो.

मसाला फ्राय म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, आणि कार्ड त्यातली कुठली ते सांगत नाही. एक : हिरव्या किंवा लाल वाटणात घोळवून तव्यावर भाजलेला मासा. वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या शेजारामुळे, बांगड्याच्या पोटात लाल आंबट-तिखट वाटण भरलेला रेशादचा प्रकारही याच नावाखाली येतो, आणि तो मिळाला तर सोडू नये. दोन : तळलेल्या तुकडीवर कांदा-टोमॅटोची दाट ग्रेव्ही. ही दुसरी संशयास्पद. सकाळी तळून उरलेली तुकडी दुपारी ग्रेव्हीत सहज खपते, आणि टोमॅटोपुढे सुरमई आणि साधा शार्क सारखेच लागतात. ‘वहिनी, मसाला वरून घालतात की लावून भाजतात?’ एवढं विचारलं की उत्तर मिळतं. वेटर आणि वहिनी यांत निवड असेल तर वहिनींना विचारा, तव्यापाशी काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक असतं. चिली फ्राय नावाचा आणखी एक भाऊबंद आहे : कांदा, हिरवी मिरची, ढोबळी मिरची यांच्याबरोबर मोठ्या आचेवर भराभर परतलेलं. हे तळणं नाही, परतणंच.

माशांकडून जरा बाजूला. दाल फ्रायमध्ये शिजलेली तूरडाळ कांदा, टोमॅटो, लसणाच्या फोडणीत घालून उकळतात. दाल तडक्यात डाळ आधी वाढतात आणि गरम फोडणी वरून ओततात. दोन्हींचा भाव वेगळा लावलेला असेल तर फरक फोडणीच्या वेळेचा आहे, डाळीच्या दर्जाचा नव्हे. भेंडी फ्राय कधी परतलेली असते, कधी उभी चिरून बेसनात तळलेली कुरकुरीत. विचारल्याशिवाय मागवू नका. कलेजी फ्राय पुन्हा परतणंच, आणि इथे घाईपेक्षा वेळ घातक : लहान तुकडे मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, मीठ शेवटी. पंधरा मिनिटं परतलेली कलेजी खोडरबरासारखी उसळते. ऑस्ट्रेलियात ‘लॅम्ब्ज फ्राय’ म्हणजे थेट मेंढराची कलेजीच, आणि इंग्लंडात ‘पिग्ज फ्राय’ म्हणजे डुकराची कलेजी, काळीज वगैरे आतलं मांस. तिथे फ्राय हे त्या मांसाचंच नाव, मग ते कसंही शिजवा. उत्तर आयर्लंडमध्ये ‘अल्स्टर फ्राय’ म्हटलं की अंडी, बेकन, सॉसेज आणि तव्यावर भाजलेले पाव असा जड नाश्ता येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे ‘फिश फ्राय’ हा पदार्थ कमी आणि शुक्रवारचं गावजेवण जास्त. तेव्हा मेन्यूकार्डावर गोंधळ घालण्याची सवय या शब्दाला मायदेशातच लागलेली आहे.

हाफ फ्राय हा शब्द इंग्लंड-अमेरिकेत चालत नाही, तो इथलाच. एका बाजूने तळलेलं, वर पिवळा बलक ओला असलेलं अंडं. अमेरिकन पाहुणा त्याला ‘सनी साइड अप’ म्हणेल. उलटून वरून अलगद शिजवलं आणि बलक तरी पातळ राहिला तर ‘ओव्हर ईझी’. होमस्टे चालवणाऱ्यांनी हे दोन्ही पाठ करावेत, नाहीतर ‘हाफ’ ऐकून पाहुणा अर्ध्या पैशांची अपेक्षा करतो. अंडं फोडताना तेल धुरावत असेल तर कड जळून जाळीदार होते आणि पांढरा भाग वर कच्चा राहतो. मंद आच आणि वर झाकण अर्धा मिनिट, की काम होतं. बटाट्याचंही तसंच त्रांगडं. इंग्लंडातले ‘चिप्स’ ते अमेरिकेतले ‘फ्राईज’ ते आपले ‘फिंगर चिप्स’. आणि अमेरिकेतले ‘चिप्स’ ते इंग्लंडातले ‘क्रिस्प्स’ ते आपले ‘वेफर्स’. किनाऱ्यावरच्या एकाच कार्डावर फिंगर चिप्स आणि फ्रेंच फ्राईज दोन्ही निराळ्या भावांनी दिसले तर स्वस्त ते घ्या. बशीत तेच येणार. एअर फ्रायरबद्दल एवढंच, की त्यात गरम वारा फिरतो, तेल जवळपास नसतंच. मराठीत त्याला भाजणं म्हणतात आणि बोंबलासाठी तो कुचकामी आहे.

आता फ्रायचा तो अर्थ, जो कार्डावर छापलेला नसतो तरी ताटात येतो. इंग्रजीत फ्राय असा दुसरा एक शब्द आहे, स्पेलिंग तेच, कूळ वेगळं : माशाचं पिल्लू. काही कोशकार त्याचा संबंध जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘बीज’ या अर्थाच्या शब्दाशी लावतात, आणि योगायोग असा की आपल्या मत्स्यखात्यातही त्याला मत्स्यबीजच म्हणतात. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीत पायऱ्या ठरलेल्या आहेत. अंड्यातून नुकतंच निघालेलं, जेमतेम सहा-आठ मिलिमीटरचं ते मत्स्यजिरे. दोन-तीन आठवड्यांनी इंचभर झालं की मत्स्यबीज, म्हणजे इंग्रजी फ्राय. आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. ‘बोटुकली’ला इंग्रजीत ‘फिंगरलिंग’ म्हणतात, तेही बोटावरूनच. शेततळ्यासाठी बी विकत घेताना यातली कुठली पायरी मिळते आहे हे पावतीवर लिहून घ्यावं. जिरे स्वस्त पडतं पण जगण्याचं प्रमाण कमी, बोटुकली महाग पण तग धरते. नुसतं ‘फ्राय’ लिहिलेल्या पावतीवरून भांडता येत नाही. ‘स्मॉल फ्राय’ हा वाक्प्रचार याच शब्दावरून : किरकोळ माणूस, चिल्लर.

समुद्राच्या बाबतीत याचा थेट संबंध ताटाशी आहे. तळहातापेक्षा लहान पापलेट ‘बेबी पापलेट फ्राय’ किंवा ‘पापलेट फ्राय, स्मॉल’ या नावाने येतं. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते फ्रायच्या पायरीपुढे गेलेलं असतं, पण अंडी घालण्याच्या वयाचं झालेलं नसतं. मासा एकदाही विणीला न येता तव्यावर आला की पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार, हे कुठल्याही दर्यावर्दीला विचारा. महाराष्ट्राने २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि त्याच वर्षी बऱ्याच जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. चवीच्या हिशेबानेही लहान पापलेट तोट्याचं : मांस पातळ, काटे तेवढेच, तव्यावर दोन मिनिटांत कोरडं. लहानच मासा खायचा असेल तर मांदेली खा, पेडवे खा. ते मोठे होऊनही लहानच राहतात.

भावाच्या रकान्यात ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे आकारानुसार. इथे विचारायच्या गोष्टी दोन. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? अख्ख्या माशाचं डोकं, पर, आतडी गेली की पाव हिस्सा तरी जातो. आणि मासा आधी दाखवणार का? चांगल्या ठिकाणी ताटलीत घालून दाखवतात, कल्ले उघडून बघू देतात. लाल कल्ले, वर आलेले चकचकीत डोळे, बोटाने दाबल्यावर खड्डा भरून येणारं मांस, झालं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई फ्राय’ लिहिलेलं असेल तर ‘ताजी’ हा शब्दही तपासून घ्यावा. तेव्हा खाडीतले मासे, तिसऱ्या, किंवा सरळ सुका बांगडा भाजून मागवणं शहाणपणाचं, आणि तो खरोखर भाजलेला असतो, कुणी त्याला फ्राय म्हणत नाही.

प्रवासात बरोबर न्यायची असेल तर रवा फ्राय पार्सल घेऊ नका. बंद डब्यात वाफ साचून दहा मिनिटांत रवा ओला होतो आणि कुडाळ स्टेशन येईपर्यंत त्याची लापशी झालेली असते. तवा फ्राय घ्या, केळीच्या पानात गुंडाळून वर कागद, झाकणाला भोक, आणि सोलकढी वेगळ्या बाटलीत. लिंबू कापून देऊ नका म्हणून सांगा, डब्यात त्याची साल कडू उतरते.